क्रँक सेन्सरचा तुटलेला कनेक्टर : दुरुस्तीच्या नोंदी

८ फेब्रुवारी

आज इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलायला घेतले होते. जुने ऑइल काढून झाले, ड्रेन बोल्ट नव्या वॉशरसह बसवून झाला, पण फिल्टर जागचा हलेना. हाताने सुटत नाही म्हणून साखळीचा पाना लावला, आणि जोर वाढवताच फिल्टरच्या तेलकट पत्र्यावरून साखळी सरकली. पान्याचा दांडा वरच्या बाजूला, चार बोटांच्या अंतरावर असलेल्या क्रँक सेन्सरच्या (इंजिनचा मुख्य फिरता दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, कुठे आहे हे गाडीच्या संगणकाला कळवणाऱ्या सेन्सरच्या) कनेक्टरवर आदळला आणि 'कट्' असा कोरडा आवाज झाला.

दिवा जवळ नेऊन पाहिले, तेव्हा वायरिंगच्या बाजूचा कनेक्टर सेन्सरपासून सुटून लोंबत होता. सेन्सरच्या अंगावरचा, पिनांना वेढणारा प्लास्टिकचा खोबणीसारखा भाग अर्ध्यातून तुटला होता. तीन पिनांपैकी डावीकडची आणि मधली अशा दोन पिना मुळापासून तुटून वायरिंगच्या कनेक्टरमध्येच अडकून राहिल्या होत्या. उजवीकडची पिन सेन्सरवर होती, पण बरीच वाकली होती. (डावे-उजवे हे सगळीकडे सेन्सरच्या तोंडाकडे समोरून पाहताना, लॉकची जीभ वर ठेवून लिहिले आहे. नोंदी लिहिताना ही दिशा ठरवून घेतली ती बरी केली. पुढे तिचा उपयोग झाला.)

तुटलेला प्लास्टिकचा तुकडा हातात घेतल्यावर लक्षात आले, की कड करकरीत होती आणि नखाने दाबली तरी तिचा भुगा पडत होता. इंजिनच्या शेजारी वर्षानुवर्षे गरम-थंड होऊन हे प्लास्टिक ठिसूळ झाले होते. धक्का माझाच होता, हे खरे. पण नवे प्लास्टिक तेवढ्या धक्क्याने इतके तुटले नसते.

सगळ्या तुकड्यांचे फोटो काढले, बॅटरीची ऋण वायर सोडवली आणि मग दुसऱ्या बाजूने, साखळी नीट बसवून फिल्टर काढला. नवा फिल्टर रबराला ऑइल लावून हातानेच आवळला.

९ फेब्रुवारी

नवा सेन्सर मागवला आहे, पण तो यायला निदान दोन आठवडे लागतील. तोपर्यंत गाडी उभी ठेवायची नाही, आणि खरे सांगायचे तर जुना सेन्सर आतून मेला आहे का नुसता बाहेरून मोडला आहे, हे मला जाणून घ्यायचेच होते. म्हणून दुरुस्ती करून पाहायची असे ठरवले.

आधी नेमके काय तुटले आहे ते समजून घेतले. क्रँक सेन्सर दोन जातींचे असतात. एका जातीत चुंबकीय क्षेत्रातला बदल ओळखणारी हॉल चिप असते आणि तिला चालायला बाहेरून वीज द्यावी लागते. दुसऱ्या जातीत कोणताही इलेक्ट्रॉनिक भाग नसतो. लोखंडी गाभ्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे आणि मागे एक कायमचा चुंबक, एवढेच असते. समोरून क्रँकशाफ्टबरोबर फिरणाऱ्या दातेरी चक्राचा दात गेला की चुंबकीय प्रवाह बदलतो आणि वेटोळ्यात वीजदाब निर्माण होतो. १८३१ मध्ये फॅरेडे यांनी दाखवलेले प्रवर्तनाचे तत्त्व ते हेच. या दोन जाती वेगळ्या करणे आवश्यक होते, कारण पिना तीन असल्या म्हणजे हॉलच असे नाही, आणि हॉल सेन्सरवर रोध मोजणारा ओहममीटर लावून वेटोळे तपासत बसणे निरर्थक तर आहेच, शिवाय चिपला धोकाही पोहोचू शकतो.

अडकलेल्या दोन पिना बारीक टोकाच्या चिमट्याने वायरिंगच्या कनेक्टरमधून काढल्या. त्या ओढताना आतल्या क्लिपा फाकू नयेत म्हणून सरळ रेषेतच ओढल्या. नंतर बॅटरी जोडून, किल्ली चालू स्थितीत ठेवून वायरिंगच्या तिन्ही छिद्रांवर व्होल्टमीटर लावला. पाच किंवा बारा व्होल्टचा पुरवठा कोणत्याही छिद्रावर मिळाला नाही आणि मधले छिद्र बॉडीशी जोडलेले निघाले. म्हणजे बाजूच्या दोन तारा सिग्नलच्या आणि मधली तार बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणाऱ्या जाळीची. हा वेटोळ्याचा सेन्सर आहे, हे निश्चित झाले.

गाडी सुरू होणार नाही हे ठाऊक होते, तरी नोंदीसाठी एकदा सेल्फ मारला. इंजिन फिरले, पण पेटले नाही, आणि गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३३५ हा कोड उमटला. क्रँक सेन्सरच्या सर्किटमधून सिग्नल मिळत नाही, असा त्याचा अर्थ. पिस्टन कुठे आहे हे कळल्याशिवाय संगणक पेट्रोलही फवारत नाही आणि ठिणगीही टाकत नाही. हा सेन्सर नसला तर या इंजिनाला दुसरा पर्याय नाही.

१० फेब्रुवारी

सेन्सर काढला. दहा मिलिमीटर डोक्याचा एकच बोल्ट आहे. तो सहज सुटला. सेन्सर मात्र ब्लॉकच्या भोकात घट्ट बसला होता. मागे स्क्रूड्रायव्हर घालून उचकटण्याचा मोह झाला, पण ठिसूळ प्लास्टिकचा अनुभव ताजा होता. कडेने गंज सोडवणारे तेल सोडून अर्धा तास थांबलो, मग कापडात धरून डावीकडे-उजवीकडे अगदी थोडा थोडा फिरवत राहिलो. दहा मिनिटांनी तो ओ-रिंगसकट (भोक घट्ट बंद ठेवणाऱ्या रबरी कडीसकट) बाहेर आला. भोकावर लगेच स्वच्छ कापड दाबून बसवले, कारण आत कचरा गेला तर तो थेट फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या जड फिरत्या चाकाच्या) बाजूला जाईल.

सेन्सरच्या टोकाला लोखंडी भुकटीची बारीक लव चिकटली होती. चुंबक असल्याने ती फडक्याने निघत नाही, इकडून तिकडे सरकते. चिकटपट्टी टोकावर दाबून उचलली तेव्हा निघाली. टोकावर घासल्याची खूण नाही, म्हणजे चक्राला तो कधी लागलेला नाही. ओ-रिंग चपटी झाली आहे, नवी लागेल.

आज एक नुकसान मी स्वतः वाढवले आणि ते इथे लिहून ठेवतो. वाकलेली उजवी पिन पक्कडीने सरळ करायला गेलो. अर्धी सरळ झाली आणि मुळाशी तुटली. पितळ एकदा वाकवले की त्या जागी कडक होते, आणि परत उलट वाकवले की तिथेच चिरते. पिन तशीच वाकडी ठेवून तिलाच तार जोडली असती तर चालले असते. आता दोन्ही सिग्नल पिना प्लास्टिकच्या पातळीला तुटलेल्या आहेत. पण तुटलेल्या तोंडावर पितळेचे दोन चमकदार चौकोन दिसतात. त्यांच्यावर मीटरच्या टोकदार सुया टेकवता येतात.

टेकवल्या. खोलीचे तापमान २४ अंश असताना ८६२ ओहम. वेटोळे अखंड आहे. सेन्सर हातात हलवून, अंगावर हलकेच टिचक्या मारून पाहिले. आकडा हलला नाही. दोन्ही पिना आणि सेन्सरचा धातूचा कडा यांच्यात मीटरने खंडित दाखवले, म्हणजे आतले इन्सुलेशनही शाबूत आहे. मधली पिन वेटोळ्याशी जोडलेलीच नाही, हेही कळले. तिला उघडण्याची गरज नाही.

गाडीतून दिवसभर हात काळे करून निघालेल्या या वस्तूतला मुख्य भाग धडधाकट आहे, हे त्या ८६२ आकड्याने सांगितले, आणि त्याने मला किती बरे वाटले ते लिहून सांगता येणार नाही.

१२ फेब्रुवारी

नवे तोंड कुठून आणायचे, हा प्रश्न होता. वायरिंगचा कनेक्टर कापून दोन्ही बाजूंना बाजारातले जोडकनेक्टर लावणे सोपे होते. पण मग नवा सेन्सर आल्यावर तो वायरिंगला बसणार नाही. गाडीच्या मूळ वायरिंगला हात लावायचा नाही, ही अट मी स्वतःवर घालून घेतली आहे. एका मेकॅनिकच्या भंगाराच्या डब्यात त्याच घडणीचे तोंड असलेला, पण वेटोळे तुटलेला दुसरा सेन्सर मिळाला. त्याचे तोंड करवतीने मागून कापून घेतले. आता पिना आणि लॉकची जीभ धड असलेले तोंड हातात आहे. वायरिंगच्या कनेक्टरमध्ये ते घालून पाहिले, क्लिक झाले आणि ओढल्यावर पिनांना योग्य ती पकड जाणवली. म्हणजे क्लिपा फाकलेल्या नाहीत.

आराखडा असा : जुन्या सेन्सरच्या दोन तुटक्या पिनांना जाळी असलेली पिळाची दोन तारांची केबल जोडायची, १५ सेंटिमीटर अंतर ठेवायचे, आणि दुसऱ्या टोकाला भंगारातले तोंड बसवायचे. जाळी फक्त तोंडाच्या बाजूला मधल्या पिनेला जोडायची आणि सेन्सरच्या बाजूला कापून इन्सुलेट करायची. जाळी दोन्हीकडे जोडली तर तिच्यातूनच प्रवाह फिरण्याची वाट तयार होऊ शकते, आणि इथे सिग्नल आधीच क्षीण आहे.

१३ फेब्रुवारी

पिना उघड्या करण्याचे काम आज झाले. सेन्सरच्या चुंबकी टोकाला आधी चिकटपट्टीचे तीन वेढे दिले, नाहीतर आसपासची पोलादी भुकटी तिथे जाऊन बसते. प्लास्टिकमध्ये काचेचे तंतू असतात, म्हणून मास्क लावला आणि ओल्या फडक्यावर काम केले.

छोट्या फिरत्या हत्याराला बारीक कटर लावून पिनांभोवतीचे प्लास्टिक खरवडायला सुरुवात केली. खोली किती जायची, हा सगळ्यात काळजीचा भाग. वेटोळ्याची केसाएवढी तार आत कुठेतरी याच पिनांच्या दुसऱ्या टोकाला जोडलेली आहे, आणि ती तुटली तर सगळे संपले. म्हणून कटरच्या दांड्यावर दोन मिलिमीटरवर रंगाची खूण केली आणि खुणेपलीकडे जायचे नाही असे ठरवले. अर्धा मिलिमीटर घासायचे, थांबायचे, ब्रशने झाडायचे, मीटर लावायचा. चार वेळा थांबलो. चारही वेळा ८६१ ते ८६३ च्या दरम्यान आकडा आला. शेवटी दोन मिलिमीटर लांबीचे दोन पितळी खुंट वर आले. त्यांच्यावरचा काळसर थर चाकूच्या टोकाने खरवडला, तेव्हा त्यांचा पिवळा रंग दिसला.

१४ फेब्रुवारी

आज डाग दिले. या कामात तापमानाचे गणित नाजूक आहे. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेला सोल्डर १८३ अंशांना एकदम वितळतो. सेन्सरचे अंग ज्या पॉलिएस्टर जातीच्या प्लास्टिकचे असते, ते साधारण २२३ अंशांना वितळते. म्हणजे दोन्हींमध्ये जेमतेम चाळीस अंशांचे अंतर, आणि सोल्डरिंग आयर्नचे टोक मात्र ३३० ते ३५० अंशांवर. त्यामुळे उष्णता कमी ठेवून बराच वेळ टेकवण्यापेक्षा गरम टोक अगदी थोडा वेळ टेकवणे चांगले. कमी गरम आयर्न धरून बसले तर पितळ तापेपर्यंत भोवतीचे प्लास्टिक मऊ होते आणि खुंट हलायला लागतो.

आधी खुंटावर फ्लक्स (सोल्डर नीट धरावा म्हणून लावायचा पदार्थ) लावून कथलाचा पातळ थर चढवला. प्रत्येकी दोन सेकंद. मग तांब्याची एक बारीक तार खुंटाभोवती दोन वेढे देऊन घट्ट केली आणि केबलची तार तिच्यात पकडली, कारण सोल्डरवर यांत्रिक ताण पडता कामा नये. पकड वेढ्यांची, सोल्डर फक्त वीज नेण्यासाठी. परत दोन सेकंद. दोन डागांमध्ये पाच मिनिटे थांबलो आणि दरम्यान सेन्सर ओल्या कापसात ठेवला. डाग चकचकीत आले, काठ नितळ होते. ८६३ ओहम.

तारांपैकी तांबडी डाव्या खुंटाला आणि पांढरी उजव्या खुंटाला.

भंगारातल्या तोंडाच्या बाजूलाही जोडणी पूर्ण केली. तिथे पिनांची मागची टोके कापलेल्या तोंडातून बाहेर आलेली असल्याने काम सोपे गेले.

१५ फेब्रुवारी

इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळले की घट्ट होणारा गोंद, ओतली. घरोघरी असते ती पाच मिनिटांत घट्ट होणारी इपॉक्सी इथे वापरायची नाही, एवढे नक्की. खोलीच्या तापमानाला पटकन घट्ट होणाऱ्या बहुतेक इपॉक्सी ५० ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात, आणि इंजिनच्या ब्लॉकला चिकटलेला सेन्सर रोज ९० अंशांच्या पुढे जातो. हळू घट्ट होणारी, १५० अंशांपर्यंत टिकणारी दोन भागांची इपॉक्सी घेतली. दोन्ही भाग डोळ्यांनी अंदाजे न घेता काट्यावर वजन करून घेतले, कारण प्रमाण चुकले तर ती वरून कडक दिसते आणि आतून कायम चिकट राहते.

जुन्या तोंडाच्या उरलेल्या भिंतीला कागदी पट्टीचा बांध घातला, प्लास्टिकला खरखरीत कागदाने घासून स्पिरिटने पुसले आणि बाटली कोमट पाण्यात ठेवून पातळ केलेली इपॉक्सी एका कोपऱ्यातून हळूहळू सोडली, म्हणजे हवेचे बुडबुडे दुसऱ्या बाजूने वर येतात. केबल बाहेर पडते तिथे रबरी नळीचा तुकडा ठेवला आहे. कडक इपॉक्सीच्या काठावरच तार वारंवार वाकली तर ती तिथेच तुटेल. दुसऱ्या टोकालाही तसेच केले. २४ तास हात लावायचा नाही.

१६ फेब्रुवारी

घट्ट झाली. नख रुतत नाही. नंतर दोन तास ८० अंशांवर ठेवली, तिची पूर्ण ताकद येण्यासाठी. जास्त तापवले नाही.

१७ फेब्रुवारी

गाडीत बसवण्याआधी गरम पाण्याची परीक्षा घेतली. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. सेन्सर प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ८० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवला, तर ५६ अंशांच्या वाढीला रोध सुमारे २२ टक्क्यांनी वाढून १०५० ओहमच्या जवळ यायला हवा. १०४६ आला. याचा अर्थ जे मोजले जात आहे ते तांब्याचे वेटोळेच आहे आणि डागांमध्ये कुठेही सैल जोड दडलेला नाही. गरम असतानाच केबल चारही दिशांना वाकवत मीटरकडे पाहत राहिलो. आकडा एकदाही उडाला नाही. थंड सेन्सरवर नुसते ओहम मोजून दुरुस्ती झाली असे मानणे मला पटत नाही. असे सेन्सर बहुधा गरम झाल्यावरच दगा देतात, कारण तेव्हा प्रसरणाने चिरलेली तार अलग होते.

नवी ओ-रिंग तेल लावून चढवली, भोक पुसले, सेन्सर हाताने शेवटपर्यंत दाबला आणि मगच बोल्ट लावला. बोल्टने ओढून बसवला नाही. पुस्तिकेप्रमाणे ८ न्यूटन-मीटर. केबल फिल्टरपासून आणि एक्झॉस्टपासून दूर वळवून दोन ठिकाणी पट्ट्यांनी बांधली.

सेल्फ मारला. स्कॅनरवर मिनिटाला २१० ते २२० फेरे दिसू लागले, म्हणजे सिग्नल जात होता. पण इंजिन पेटायला फार वेळ लागला, पेटल्यावर थरथरत होते, मधूनच एखादा धक्का बसल्यासारखे झटके देत होते, आणि वीसेक सेकंदांत बंद पडले. परत प्रयत्न केला, तसेच झाले. पुढे ओढत बसलो नाही.

रात्रीची भर

याच्यावर संध्याकाळ घालवली आणि कारण सापडले असे वाटते. सिग्नल आहे, पण इंजिन चुकीच्या वेळी पेटते. म्हणजे सिग्नलची दिशा उलटी असावी. माझ्या इंजिनाचे चक्र साठ दातांच्या मापाचे आहे आणि त्यातले दोन दात मुद्दाम काढलेले असतात, म्हणजे प्रत्यक्ष ५८. दोन दातांमधले अंतर सहा अंशांचे. सिग्नल धन बाजूकडून ऋण बाजूला शून्य ओलांडतो, तो क्षण संगणक मोजतो. तो क्षण दाताच्या मध्याशी जुळलेला असतो. तारा उलट्या लागल्या तर तोच क्षण दाताऐवजी खाचेच्या मध्याशी जातो. तीन अंशांचा फरक तर पडतोच, शिवाय दोन गाळलेल्या दातांच्या जागी लाटेचा आकारच वेगळा दिसतो आणि संगणकाला सुरुवातीची खूण नीट ओळखता येत नाही.

आठ तारखेचे फोटो काढले आणि चूक समोर दिसली. सेन्सरचे डावे-उजवे मी समोरून, तोंडाकडे पाहून ठरवले होते. भंगारातल्या तोंडाला तारा जोडताना मात्र ते माझ्या हातात पालथे होते, मी कापलेल्या मागच्या बाजूने पाहत होतो. मागून पाहिले की डावी पिन उजवीकडे दिसते. मधली पिन मध्येच राहते, म्हणून काही खटकले नाही. मीटरने तपासले : सेन्सरचा डावा खुंट तोंडाच्या उजव्या पिनेवर पोहोचत होता.

१८ फेब्रुवारी

गाडीच्या वायरिंगमध्ये तारा फिरवल्या नाहीत. तसे केले असते तर नवा सेन्सर लावल्यावर तोच उलटा झाला असता. दोन्ही टोके इपॉक्सीत बंद आहेत, पण मधली १५ सेंटिमीटर केबल मोकळी ठेवली होती. ती मध्यावर उघडली, जाळी अखंड ठेवून आतल्या दोन तारा कापून त्यांची अदलाबदल केली, दोन जोड मागे-पुढे ठेवले म्हणजे ते एकमेकांना टेकणार नाहीत, प्रत्येकावर गोंद असलेली आकुंचन पावणारी नळी चढवली आणि वरून एक मोठी नळी. तारांचा पीळ जोडाच्या दोन्ही बाजूंना पुन्हा घट्ट केला, कारण पिळामुळे दोन्ही तारांवर सारखाच गोंगाट बसतो आणि तो एकमेकांत वजा होतो.

डावा खुंट ते डावी पिन, उजवा खुंट ते उजवी पिन : दोन्ही वेळा समोरून, लॉक वर धरून तपासले.

सेल्फ मारला. इंजिन दुसऱ्या फेरीतच पेटले आणि एकसारखे चालू लागले.

जुना कोड पुसला. इंजिन चालू ठेवून पंखा दोनदा सुरू होईपर्यंत गरम केले, बंद केले, वीस मिनिटे तसेच ठेवले, कारण इंजिन बंद केल्यावर पाण्याचा प्रवाह थांबतो आणि ब्लॉकभोवतीचे तापमान काही काळ चढते. मग परत सुरू केले. एकाच प्रयत्नात सुरू झाले. असे तीनदा केले.

एक गोष्ट टिपून ठेवण्यासारखी : साठच्या मापाच्या चक्रावर इंजिनचे मिनिटाचे फेरे आणि दातांची सेकंदाची वारंवारता यांचा आकडा एकच येतो. २२० फेऱ्यांना २२० हर्ट्झ, ३००० फेऱ्यांना ३००० हर्ट्झ. वीजदाब फेऱ्यांच्या प्रमाणात वाढतो, म्हणून या सेन्सरची खरी परीक्षा सेल्फ मारतानाच असते, जेव्हा चक्र सर्वांत मंद असते. आज कनेक्टर सोडून, सेल्फ मारत असताना तारांवर ०.८ व्होल्ट एसी मिळाला. पुढे अडचण आली तर तुलनेसाठी हा आकडा हाताशी राहील.

२४ फेब्रुवारी

सहा दिवस गाडी रोज चालली, आधी जवळच्या अंतरावर, नंतर तासाभराच्या प्रवासालाही. कोड नाही, बंद पडणे नाही. केबलची बांधणी पाहिली. एक पट्टी सैल वाटली ती बदलली.

१ मार्च

नवा सेन्सर आला. दुरुस्त केलेला चालतो आहे, तरी नवाच बसवला. हा सेन्सर चालत्या गाडीत गेला तर इंजिन तत्क्षणी बंद पडते; स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीन दाबांत संपते. वेगात, भर वाहतुकीत हे व्हावे आणि कारण माझ्या हातचा डाग असावा, ही जोखीम मला घ्यायची नाही. खिडकीच्या स्विचवर किंवा तापमान दाखवणाऱ्या सेन्सरवर हीच दुरुस्ती मी कायमची ठेवली असती.

बसवण्याआधी काट्याच्या मीटरने दोन्ही सेन्सरची दिशा ताडून पाहिली. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून सेन्सरच्या टोकासमोर एक जाड पोलादी पाना झटकन नेला की काटा एका बाजूला उडी घेतो, आणि झटकन मागे घेतला की दुसऱ्या बाजूला. दोन्ही सेन्सरवर, त्याच पिनांवर, काटा त्याच बाजूला उडाला. ही परीक्षा १४ तारखेला सुचायला हवी होती. तुलनेला दुसरा चांगला सेन्सर नसला तरी तुटण्याआधीची दिशा नोंदवता आली असती, कारण तुटलेल्या खुंटांवरही सुया टेकत होत्याच.

नव्याचा रोध २५ अंशांना ८७१ ओहम. साखळीचा पाना आता फिल्टरला खालून, सेन्सरच्या विरुद्ध बाजूने लावायचा, असे देखभालीच्या वहीत फिल्टरच्या ओळीशेजारी लिहिले आहे.

जुना सेन्सर मऊ कापडात गुंडाळून डिकीतल्या हत्यारांच्या पेटीत ठेवला. त्याला जोडलेल्या चिठ्ठीवर मजकूर : 'क्रँक सेन्सर, दुरुस्त, चालू. ८६३ ओहम २४ अंशांना, १०४६ ओहम ८० अंशांना. डावी पिन – डावा खुंट, समोरून, लॉक वर. फक्त अडचणीत घरी पोहोचण्यापुरता.'